शिंपल्याच्या पाठीवर उगवलेलं शेवाळ अख्खा खडक कसा बदलून टाकतं?

ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर उतरलात की पहिला प्रश्न पडतो तो पाय कुठे ठेवायचा याचा. कोरडा दिसणारा खडक धारदार शिंपल्यांनी भरलेला असतो, आणि मऊ, हिरवा, गालिच्यासारखा दिसणारा भाग इतका निसरडा असतो की फोटो काढण्याच्या नादात बरेच जण तिथेच आपटतात.

तिथे जरा वाकून बघा. ते हिरवं-तपकिरी शेवाळ प्रत्येक ठिकाणी खडकावरच उगवलेलं नसतं. काही ठिकाणी ते चक्क जिवंत शिंपल्याच्या पाठीवर उगवलेलं असतं. शिंपला आपल्या जागी चिकटून बसलेला, आणि त्याच्या डोक्यावर शेवाळाचा तुरा डुलतोय.

बघायला गंमतशीर वाटतं. पण हा तुरा शिंपल्याच्या जिवावर बेतू शकतो. आणि एक शिंपला गेला की गोष्ट तिथेच संपत नाही. त्याच्या शेजाऱ्यांचं काय होतं, त्या जागी पुढे कोण राहायला येतं, हे सगळं त्या तुऱ्यावर ठरू शकतं. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर शास्त्रज्ञांनी हा प्रकार वर्षानुवर्षं बसून पाहिला आहे. आज त्याचीच माहिती घेऊया.

सगळी भांडणं जागेसाठी

खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या जिवांना अन्नाची चिंता तुलनेनं कमी असते. प्रत्येक भरतीला पाणी येतं आणि पाण्याबरोबर खाणं येतं. टंचाई असते ती बसायच्या जागेची. मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळवायला जी धडपड चालते, तीच इथे चोवीस तास चालू असते. फरक इतकाच की इथे जागा सुटली की माणूस उभा राहत नाही, थेट समुद्रात वाहून जातो.

समुद्री शैवालाला झाडासारखी मुळं नसतात. त्याच्या बुडाशी एक पंजासारखी पकड असते आणि ती फक्त चिकटून राहण्यासाठी असते. अन्नपाणी ते आपल्या पात्यांतूनच घेतं. त्यामुळे त्याला माती लागत नाही. लागतो तो एक घट्ट आधार आणि भरपूर उजेड. खडक असला तर उत्तम. नसेल, तर शिंपल्याचं कवच त्याच्या दृष्टीनं खडकच.

आणि किनाऱ्याचे मोठमोठे पट्टे शिंपल्यांनी पूर्ण झाकलेले असतात. इथे शिंपले म्हणजे मुख्यतः ते लांबट, निळसर-काळे किंवा हिरवे जीव, ज्यांना इंग्रजीत मसल म्हणतात. व्यायामशाळेतल्या मसलचा इथे संबंध नाही. आपल्या कोकणात आणि गोव्यात हिरव्या कवचाचे जे शिणाणे खातात, ते याच कुळातले. हे शिंपले आपल्या अंगातून रेशमासारखे चिवट धागे काढतात आणि त्या धाग्यांनी खडकाला आणि एकमेकांना बांधून घेतात. एकाला हलवायला गेलात तर शेजारचे चार हलतात.

असा शिंपल्यांचा थर एकदा बसला की खाली खडक दिसतच नाही. मग शैवालाच्या बीजाणूंनी उतरायचं कुठे? शिंपल्यांच्या पाठीवर.

एका जिवाच्या अंगावर दुसऱ्यानं असा संसार थाटण्याला शास्त्रात एपिबायोसिस म्हणतात. हे बांडगूळ नाही. शैवाल शिंपल्याचं रक्त पीत नाही, त्याचं अन्नही पळवत नाही. त्याला हवी असते फक्त जागा. तरीही भाडेकरू न देणारा भाडेकरू घराला किती महागात पडू शकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शिंपलेही अगदी गप्प बसत नाहीत. निळ्या शिंपल्याचं लहान पिल्लू आपला जिभेसारखा लांब पाय बाहेर काढून स्वतःचं कवच पुसून काढतं, हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं गेलं आहे. पण पाय पोचतो तिथवरच पुसता येतं.

यावरून टोपीच्या आकाराच्या गोगलगायीची आठवण होते, जिला लिम्पेट म्हणतात. ती खडकावर सरपटत आसपासचं सगळं कोवळं शेवाळ खरवडून खाते. तिच्याभोवतीचा खडक टक्कल पडल्यासारखा स्वच्छ असतो. पण स्वतःच्या पाठीपर्यंत तिचं तोंड पोचत नाही. त्यामुळे ओसाड खडकावर एकुलता एक हिरवा ठिपका दिसतो, तो लिम्पेटच्या डोक्यावर. खाणाऱ्यापासून लपायला खाणाऱ्याच्याच पाठीसारखी जागा नाही!

तुरा की शीड?

आता मुख्य प्रश्न. पाठीवर शेवाळ असलं तर शिंपल्याचं बिघडतं काय?

एरवी शिंपल्याची रचना लाटांसाठी झकास असते. कवच गुळगुळीत, आकार निमुळता, आणि सगळे इतके खेटून बसलेले की लाटेला पकडायला फारसं काही मिळत नाही. पाणी वरून सरकून जातं.

पण त्याच कवचावर हातभर लांबीचं शैवाल उगवलं की चित्र पालटतं. वाऱ्याच्या दिवशी छत्री उघडून चालून बघा, म्हणजे कळेल. माणूस तोच, वारा तोच, पण ओढ कितीतरी जास्त. इथे तर वारा नाही, पाणी आहे, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की ओढ साधारण चौपट होते. उघड्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेत पाण्याचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकतो.

शैवाल लवचिक असतं. लाट आली की ते वाकतं, पात्या एकमेकींना चिकटतात, आणि त्यामुळे ओढ थोडी कमी होते. स्वतःला वाचवण्याची ही त्याची युक्ती आहे. तरीही जी काही ओढ उरते, ती सगळी खालच्या शिंपल्याच्या धाग्यांवर येते. ते धागे शिंपल्यानं स्वतःचं ओझं पेलायला विणलेले असतात, वरच्या पाहुण्याचं नाही.

दोघांतलं कोण आधी तुटणार? शैवालाची पकड सुटली तर शिंपला वाचतो. पण बऱ्याचदा शैवालाची पकड कवचावर इतकी घट्ट असते की तुटतात ते शिंपल्याचे धागे. मग शैवाल आणि शिंपला दोघंही जोडीनं वाहून जातात. आणि शेजाऱ्यांना बांधलेले धागे तुटल्यानं तेही सैल होतात. पुढची लाट त्यांना उचलते. एका शिंपल्याएवढी फट वादळी रात्रीनंतर चटईएवढी झालेली असू शकते.

टाटूश बेटावरचं बुटकं ताडाचं झाड

या गोष्टीचं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, अगदी वायव्य टोकाजवळ असलेल्या टाटूश बेटावर सापडतं. हे बेट तिथल्या मूळ रहिवासी मकाह लोकांच्या मालकीचं आहे. त्यांच्या परवानगीनं वॉशिंग्टन विद्यापीठाचे रॉबर्ट पेन आणि त्यांचे विद्यार्थी तिथे अनेक दशकं काम करत होते.

पेन यांचं नाव कदाचित तुम्ही दुसऱ्या कारणानं ऐकलं असेल. १९६३ मध्ये त्यांनी तिथून जवळच्याच मकाह उपसागरातल्या एका खडकावरचे सगळे तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली, आणि पुन्हा पुन्हा येऊन फेकत राहिले. तारामासे शिंपले खातात. ते गेल्यावर शिंपल्यांनी हळूहळू खडक बळकावला आणि तिथल्या मोठ्या जिवांच्या १५ जातींपैकी ८ च उरल्या. यातूनच पुढे १९६९ मध्ये पेन यांनी 'कीस्टोन' जाती ही कल्पना मांडली. कमानीतला मधला दगड काढला की कमान कोसळते, तशी एखादी जात काढली की सगळी व्यवस्था कोसळते.

पण जिथे लाटा फारच प्रचंड असतात, तिथे तारामाशांनाही धड टिकता येत नाही. मग अशा जागी शिंपल्यांना कोण आवरणार?

इथे येतं पोस्टेल्शिया नावाचं तपकिरी शैवाल. सगळे त्याला सी पाम म्हणतात, आणि नाव अगदी शोभतं. जाड, पोकळ, रबरी बुंधा आणि टोकाला लोंबणाऱ्या पात्यांचा झुपका. उंची साधारण अर्धा मीटर. बहुतेक शैवालं ओहोटीला खडकावर लोळण घेतात. हे मात्र पाणी ओसरल्यावरही ताठ उभं राहतं. लांबून पाहिलं तर बाहुल्यांच्या गावातली माडांची बाग वाटावी. कॅनडाच्या व्हँकूवर बेटापासून मध्य कॅलिफोर्नियापर्यंत, आणि तेही सगळ्यात जास्त लाटा आपटतात अशाच खडकांवर, ते उगवतं.

पोस्टेल्शियाची अडचण अशी की ते एका वर्षाचं पाहुणं आहे. वसंतात उगवतं, उन्हाळ्यात वाढतं, आणि हिवाळ्याच्या वादळांत संपतं. याउलट शिंपले वर्षानुवर्षं जगतात आणि इंच इंच पुढे सरकत मोकळी जागा गिळत राहतात. सरळ शर्यतीत एका वर्षाच्या शैवालाला काही संधी नाही.

शिवाय याचे बीजाणू दूर जात नाहीत. ओहोटीच्या वेळी पात्यांवरच्या बारीक खोबणींतून ते थेंबाथेंबानं खाली ठिबकतात आणि बहुतेक आईच्या आसपास काही मीटरांतच पडतात. म्हणजे दूरवर कुठेतरी मोकळा खडक शोधायला जाणंही नाही. जे काही करायचं ते इथेच, शिंपल्यांच्या गर्दीत.

मग ते काय करतं? शिंपल्यांच्याच पाठीवर उगवतं.

पेन यांचे विद्यार्थी पॉल डेटन यांनी १९७३ मध्ये हे सविस्तर लिहिलं. शिंपल्यांवर उगवलेलं पोस्टेल्शिया उन्हाळाभर वाढून चांगलं जड होतं. मग वादळं सुरू झाली की लाटा त्या झुपक्याला धरून ओढतात, आणि शैवाल जाताना शिंपल्यांना घेऊन जातं. खालचा खडक उघडा पडतो. आणि त्याच खडकावर आधी ठिबकलेले बीजाणू किंवा त्यांतून आलेली डोळ्यांना न दिसणारी बारीक रोपटी असतात. डोक्यावरचे शिंपले गेले, उजेड आला, की वसंतात तिथे नवी माडांची बाग उभी.

थोडक्यात, आई स्वतः मरताना मुलांसाठी जागा रिकामी करून जाते. यात शैवालानं ठरवून काही केलं असं समजायचं कारण नाही. ज्यांच्या बाबतीत असं घडलं त्यांची पुढची पिढी आली, एवढंच. पण परिणाम पाहिला तर एका वर्षाचं शैवाल किनाऱ्यावरच्या सगळ्यात दांडग्या जमीनदाराला हुसकावून लावतं.

पोस्टेल्शिया एकटंच हे करतं असं नाही. या किनाऱ्यावर जंगलातून वाहत आलेले मोठाले ओंडके लाटांबरोबर खडकांवर आदळतात आणि शिंपल्यांचे थर फोडतात. नुसत्या लाटाही शिंपले उचकटतात. १९७९ मध्ये पेन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की पोस्टेल्शिया कुठे टिकतं ते या मोडतोडीच्या नेमानंच ठरतं. जिथे जवळजवळ दरवर्षी खडक उघडा पडतो, तिथे ही बाग टिकते. जिथे काही वर्षं शांततेत जातात, तिथे शिंपले फट बुजवतात आणि बाग संपते. वादळ म्हणजे नुकसानच, असं आपण धरून चालतो. या शैवालाच्या बाबतीत शांत हिवाळा हीच खरी आपत्ती.

फट पडल्यावर तिथे फक्त पोस्टेल्शिया येतं असंही नाही. आधी सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत थर बसतो, मग पातळ हिरवी-लाल शैवालं, बार्नेकल, ते शैवाल चरायला लिम्पेट. शिंपल्यांच्या सलग थरात ज्यांना वर जागाच नव्हती, ते सगळे आपलं नशीब काढून घेतात. छोटी फट शेजारचे शिंपले आत झुकून काही महिन्यांत बंद करतात. मोठी बुजायला कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे असा किनारा कधीच एकसारखा नसतो. गोधडीसारखा असतो, प्रत्येक तुकडा वेगळ्या वयाचा.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही सांगायला हवा. शिंपल्यांचा थर म्हणजे नुसता खडक अडवून बसलेला दांडगट नव्हे. कॅलिफोर्निया शिंपल्यांच्या थरात, त्यांच्या फटींत, धाग्यांत आणि खाली साचलेल्या गाळात मिळून सुमारे ३०० प्रकारचे जीव नोंदवले गेलेत. किडे, छोटे खेकडे, गोगलगायी, समुद्री अळ्या. थर उपटला की त्यांचंही घर जातं. म्हणून शेवाळानं पाडलेली फट 'चांगली की वाईट' असं विचारलं, तर तुम्ही कोणाच्या बाजूनं विचारताय त्यावर उत्तर अवलंबून आहे.

मेनच्या आखातातले काटेरी न्हावी

आता अमेरिकेच्या उलट्या बाजूला, म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावर जाऊ. मेनच्या आखातात जॉन विटमन यांनी पाण्याखालच्या खडकांवर हाच प्रश्न तपासला. तिथे हॉर्स मसल नावाचे मोठे शिंपले राहतात आणि केल्प, म्हणजे लांबलचक पट्ट्यांसारखं तपकिरी शैवाल, त्यांच्यावर उगवायला टपलेलं असतं.

विटमन आणि थॉमस सुचानेक यांनी १९८४ मध्ये दाखवलं की पाठीवर केल्प असलेल्या शिंपल्यावर वाहत्या पाण्याची ओढ मोकळ्या शिंपल्यापेक्षा कित्येक पट जास्त असते. वादळात उपटले जाणारे शिंपले बहुतांशी केल्पचं ओझं वाहणारेच असतात.

मग इथले शिंपले अजून शिल्लक कसे? याचं उत्तर म्हणजे सी अर्चिन, काट्यांनी भरलेले ते गोल चेंडू. हे केल्प कुरतडून खातात. शिंपल्यांच्या थरात अर्चिन भरपूर असतात, आणि ते शिंपल्यांच्या पाठीवरचं कोवळं केल्प वाढायच्या आधीच साफ करतात. विटमन यांनी काही जागांवरून अर्चिन हटवून पाहिले. केल्प वाढलं, आणि मग वादळात शिंपले उपटून गेले.

अर्चिन ही हजामत फुकट करत नाहीत. शिंपल्यांच्या फटींत त्यांना मासे आणि खेकड्यांपासून लपायला जागा मिळते. राहायला जागा यांची, साफसफाई त्यांची. असा व्यवहार दोघांनाही परवडतो. यात गंमत अशी की केल्पच्या जंगलात हेच अर्चिन खलनायक मानले जातात, कारण त्यांची संख्या वाढली की ते जंगलच्या जंगल फस्त करतात. तोच प्राणी, तेच खाणं, पण शेजार बदलला की भूमिका बदलली.

नेहमी नुकसानच होतं का?

नाही. लाटा कमी असतील तर पाठीवरचा तुरा उपयोगाचाही ठरतो.

कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटलिना बेटावर रिचर्ड व्हान्स यांनी १९७८ मध्ये खडकाला कायमचं चिकटून राहणाऱ्या एका शिंपल्याचा अभ्यास केला. त्याच्या कवचावर शैवालं आणि इतर बारीक जिवांचं जंगल माजलेलं असतं. व्हान्स यांनी काहींची पाठ घासून स्वच्छ केली. तारामाशांनी स्वच्छ केलेल्यांनाच जास्त खाल्लं. झाडोऱ्याखालचा शिंपला तारामाशाच्या हाती सहज लागत नाही.

युरोपात जर्मनीच्या किनाऱ्यावर वाडन समुद्र आहे. तिथे खडक नाहीच, सगळीकडे चिखल. त्या चिखलात शिंपल्यांचे थर हाच काय तो टणक आधार. तिथलं एक तपकिरी शैवाल तर स्वतःची पकडही बनवत नाही. शिंपलेच आपल्या धाग्यांनी त्याला बांधून ठेवतात. झिल्ट बेटाजवळच्या अभ्यासांत दिसलं की या शैवालाखाली गाळ जास्त साचतो, शिंपल्यांची नवी पिल्लं आणि बार्नेकल कमी बसतात, पण काही छोट्या गोगलगायी मात्र खुशीत असतात. एकाचं छप्पर, दुसऱ्याची अडगळ.

सगळ्यात महत्त्वाचा फायदा उन्हाचा. ओहोटीला शिंपले तासन् तास उन्हात उघडे पडतात. काळं कवच तापतं आणि आतला जीव अक्षरशः शिजतो. जून २०२१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची भयंकर लाट आली. तेव्हा एकट्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर एक अब्जाहून जास्त समुद्री जीव मेले असावेत, असा अंदाज तिथले शास्त्रज्ञ ख्रिस हार्ली यांनी मांडला. त्यात शिंपल्यांची संख्या प्रचंड होती. अशा वेळी ओल्या शैवालाचा जाड थर म्हणजे ओलं पोतं टाकल्यासारखं असतं. खालचा खडक थंड राहतो, ओलावा टिकतो.

याच्याच जवळचा एक विचित्र प्रकार दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आढळला. काही सूक्ष्म जीव, ज्यांना सायनोबॅक्टेरिया किंवा नील-हरित शैवाल म्हणतात, ते कवचावर न उगवता कवचाच्या आत भोकं पाडून राहतात. कवच झिजतं, ठिसूळ होतं. हे उघड नुकसानच. पण झिजलेलं कवच पांढुरकं पडतं, आणि पांढरा रंग ऊन परतवतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अशी पोखरलेली शिंपली कमी तापतात आणि उष्णतेच्या लाटेत जास्त वाचतात. गच्चीला पांढरा रंग लावल्यासारखं, फक्त रंगारी भिंतही खातोय.

म्हणजे लाटांच्या हिशेबात जो तुरा मारक, तोच उन्हाच्या हिशेबात तारक. समुद्र आणि हवा जसजशी तापत जाईल, तसतसा या दुसऱ्या हिशेबाचा भाव वाढत जाणार.

आपल्या कोकणात काय दिसतं?

वरची उदाहरणं थंड पाण्यातली आहेत. केल्प आणि पोस्टेल्शिया आपल्याकडे उगवत नाहीत, त्यामुळे टाटूशची गोष्ट जशीच्या तशी मालवणला लावता येणार नाही. पण खेळाचे नियम तेच: जागा कमी, लाटा, चरणारे प्राणी आणि ऊन.

आपल्याकडे वेळापत्रक मात्र वेगळं आहे. कोकणात लाटांचा खरा जोर पावसाळ्यात असतो, आणि खडकांवर शैवालाचा बहर येतो पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्यात. ऑक्टोबरनंतर रत्नागिरी, मालवण, कुणकेश्वर, रेडीच्या खडकांवर गेलात तर पातळ हिरव्या पात्यांचं अल्व्हा, लालसर ग्रॅसिलेरिया, तपकिरी सर्गॅसम अशी शैवालं दिसतील. उन्हाळा तापू लागला की वरच्या भागातलं शेवाळ वाळून जातं. म्हणजे टाटूशला शैवाल भरात आल्यावर लगेच वादळं येतात, तर आपल्याकडे मधे रणरणता उन्हाळा आडवा येतो. आणि त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर, शिंपल्यांना सावलीची गरज असते तेव्हाच, हिरवं छप्पर विरळ होतं.

कालवं आणि शिणाणे काढून ज्यांची चूल पेटते त्यांना कवचावरचं शेवाळ म्हणजे साफसफाईचं वाढीव काम. दोरीवर शिंपले वाढवणाऱ्यांना तर त्याचा आणखी ताप. दोरी जड होते, ओढ वाढते आणि शिंपले गळून पडतात. लाटेचं तेच गणित, फक्त खडकाऐवजी दोरीवर.

आणि हो, एक गैरसमज. कवचावर हिरवं शेवाळ दिसलं म्हणजे शिंपला विषारी, असं नसतं. तसंच कवच चकचकीत असलं म्हणजे आतलं मांस सुरक्षित, असंही नसतं. शिंपल्यांत येणारं विष बहुधा पाण्यात तरंगणाऱ्या काही सूक्ष्म शैवालांमुळे येतं. शिंपला पाणी गाळून खातो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, कवचावर उगवत नाहीत, आणि त्यातली काही विषं शिजवूनही जात नाहीत. त्यामुळे पाण्याचा रंग विचित्र दिसत असेल किंवा मासेमारी खात्यानं सूचना दिली असेल तर त्या दिवशी शिंपले टाळलेले बरे.

फिरायला गेलात तर दोन गोष्टी पाळा. शेवाळाचा तुरा 'फोटोपुरता' उपटू नका, कारण हातात शेवाळाबरोबर शिंपलाही येतो आणि तो परत ठेवून चिकटत नाही. नवे धागे विणायला त्याला वेळ लागतो आणि पुढची भरती तेवढी थांबत नाही. कॅलिफोर्नियात तर हौशी पर्यटकांना पोस्टेल्शिया तोडायला कायद्यानंच बंदी आहे. दुसरं म्हणजे दगड उलटून पाहिलात तर तो पुन्हा होता तसाच ठेवा. खाली राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही, वर राहणाऱ्यांना अंधार.

आणि वाळूत वाहून आलेला शेवाळाचा झुबका दिसला तर तो उलटा करून त्याचं बूड बघा. पुष्कळदा तिथे एखादा खडा असतो. कधीकधी शिंपला असतो, त्याचे तुटलेले धागे अजून लोंबत असतात.